गाळलेली जागा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बढतीसाठी खात्याची परीक्षा द्यावी लागेल आणि तिच्यात इंग्रजीचे चाळीस गुण असतील हे कळल्यावर मी सहावीतल्या मुलीकडे शिकवणी लावली. फी म्हणून रविवारी तलावपाळीवर कुल्फी ठरली.

शब्दाच्या आरंभी स्वर आला की त्याआधीचे आर्टिकल ‘ॲन’, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. मी आत्मविश्वासाने ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहिले आणि तिने त्यावर लाल फुली मारली. “बाबा, अक्षर बघू नकोस, उच्चार ऐक!” युनिव्हर्सिटी उच्चारताना सुरुवातीला ‘य’ येतो म्हणून ‘अ’, तासाच्या ‘अवर’मधला एच मात्र लिहिण्यापुरताच असतो, म्हणून तिथे ‘ॲन’. याच न्यायाने आमदार हा ‘ॲन एमएलए’ असतो, पण मंत्रिमंडळात त्याची वर्णी लागली की तो ‘अ मिनिस्टर’ होतो. बढती मिळताच पदरचे एक अक्षर जाते हे पाहून मला माझ्याही बढतीची धास्ती वाटू लागली. त्यात आशा नुसती ‘लिटल’ असेल तर ती नसल्यात जमा, ‘अ लिटल’ असेल तर थोडीफार शिल्लक, हे आणखी वेगळेच. आपल्याकडे ‘एक गृहस्थ आले होते’ म्हणावे, ‘ते गृहस्थ’ म्हणावे किंवा नुसतेच ‘गृहस्थ’ म्हणावे. चहा टाकला जातोच.

खुद्द इंग्रजांनाही हे प्रकरण झेपलेले नाही, याचा शोध मला अभ्यास टाळण्यासाठी शब्दकोश चाळताना लागला. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ मुळात ‘नॅप्रन’ होता; ‘अ नॅप्रन’ हे लोकांना ‘ॲन एप्रन’ असे ऐकू येत गेले आणि बिचारा ‘न’ आर्टिकलच्या गोटात जाऊन बसला. क्रिकेटमधल्या अंपायरच्या नावाच्या आरंभीही पूर्वी ‘न’ होता, तोही याच रीतीने बाद झाला आणि त्याविरुद्ध कोणी दादही मागितली नाही. ‘निकनेम’मध्ये तर उलटी चोरी आहे, तिथला ‘न’ ‘ॲन’च्या खिशातून उचललेला आहे. म्हणजे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे ऐकले तर ते शब्दकोशात जाते आणि मी एकदा चुकलो तर पाव गुण कापला जातो!

परीक्षा वाशीला होती. ठाण्याहून निघालेली गाडी ऐरोलीच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली, तेव्हा मी ‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंगे घोकत होतो, शेवटाकडे ‘ए’ असेल तर जागचे न हलणारे आणि ‘ई’ असेल तर वह्या, पेने, लखोटे. पंधरा मिनिटे झाली तरी गाडी हलेना, त्यामुळे ‘ए’ मात्र पक्का झाला.

पेपरात पहिलीच गाळलेली जागा १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या रेल्वेगाडीविषयीच्या वाक्यात होती. ‘फर्स्ट’च्या आधी ‘द’ येतो हे मला झोपेतही सांगता आले असते. परंतु ठाण्याचे नाव दिसताच ऊर भरून आला आणि मी तिथे ‘अवर’, म्हणजे ‘आमची’, असे ठसठशीत लिहून टाकले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही गैर आहे असे मला अजूनही वाटत नाही.

परतताना गाडीत मुलीचा फोन आला.

“बाबा, पास व्हायची आशा आहे का?”

“आहे थोडी.”

“लिटल की अ लिटल?”

घणसोली गेले, रबाळे गेले. मी फोन कानाला लावून विचार करीत होतो.