तिसरी विमानवाहू नौका थांबू शकते, माइनस्वीपर नाही

परवा गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली. नौदल गोदीतली करडी जहाजं दिसायला लागली की लाँचमधली अर्धी माणसं उठून त्या बाजूच्या कठड्याला लागतात. मीही त्यातलाच. नौदलाला तिसरी विमानवाहू नौका हवी असं म्हणणारे बरेच आहेत, पण हल्ली मी तिथे जे नाही ते शोधत बसतो.

माइनस्वीपर. पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणारं जहाज. आपल्याकडे एकेकाळी अशी १२ होती, शेवटची २०१९ च्या सुमारास निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये नवी १२ बांधायचा सुमारे ३२ हजार कोटींचा बेत कोरियन कंपनीशी बोलणी फिसकटून २०१८ मध्ये बारगळला. जुलै २०२५ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली, पण ती पहिल्या पायरीची. तिथून जहाज पाण्यात उतरेपर्यंत किती पावसाळे जातात ते माझगाव डॉकमध्ये हयात घालवलेल्या कुणालाही विचारा.

सुरुंगाइतकं स्वस्त हत्यार नाही. १९८८ मध्ये आखातात दीड-एक हजार डॉलरच्या इराणी सुरुंगाने अमेरिकेच्या 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' या युद्धनौकेचं पोट फाडलं, दुरुस्तीला सुमारे ९ कोटी डॉलर लागले. आता आपलं बघा. मुंबई बंदर असो की न्हावाशेवा, मोठी जहाजं गाळ उपसून खोल केलेल्या एकाच वाटेने आत येतात. त्या वाटेत चार सुरुंग आहेत अशी नुसती आवई उठली तरी सगळं ठप्प.

आरमाराचा विषय निघाला की कान्होजी आंग्रे येतातच, मग येऊ द्या. आपण गुराबांवरच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या शिडाच्या लढाऊ जहाजांवरच्या तोफांचं कौतुक करतो. पण वारा पडला की त्याच गुराबांना वल्ह्यांची गलबतं ओढून न्यायची, हे कुणी सांगत नाही.

१९७१ लाही तेच. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर मारा केला तो निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या क्षेपणास्त्र बोटींनी. त्यांचा पल्ला तोकडा, रडारची नजर जवळची. म्हणून सोबत किलतान आणि कच्छल या मोठ्या युद्धनौका होत्या, तेल द्यायला 'पोशक' होता. कराचीच्या गोष्टीत पोशकचं नाव कधी ऐकलंत? आणि पाचच दिवसांनी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात गेलेली आपली युद्धनौका खुकरी त्याच पाणबुडीने बुडवली. १९४ जण गेले. सावज आणि शिकारी यांची अदलाबदल झाली, कारण खुकरीचं सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं टिपणारं यंत्र, तोकडं होतं.

त्यामुळे जून २०२५ मध्ये 'अर्नाळा' दाखल झाली तेव्हा मला विक्रांतपेक्षा जास्त आनंद झाला. नाव आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचं, काम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकायचं. अशा एकूण १६ ठरल्या आहेत. विशाखापट्टणमला ४४ हजार टनांची ५ रसद-जहाजं बांधायचा करारही २०२३ मध्ये झालाय. उशिरा का होईना, गाडी रुळावर येतेय.

विमानवाहू नौकेच्या बाजूचा मुद्दा मला कळतो. दोनातली एक दुरुस्तीला गेली की हाताशी एकच उरते, तिसरी हवीच. बरोबर आहे. पण ती एकटी थोडीच निघते? तीन-चार विनाशिका आणि फ्रिगेट, एखादी पाणबुडी, एक टँकर, एवढा लवाजमा सोबत लागतो. तो पुरेसा नसताना तिसरी आणली, तर एकीची राखण करायला दुसरीचे पहारेकरी काढून घ्यावे लागतील.

माझ्या हातात तिजोरी असती तर आधी माइनस्वीपर, मग पाणबुड्या, मग टँकर, आणि उरले तर विमानवाहू. नौदलात हयात घालवलेली माणसं माझ्या मित्रयादीत आहेत, माझं कुठे चुकतंय ते कमेंटमध्ये सांगा. फक्त 'जय हिंद' लिहून पळू नका.