त्या रकान्यात सांधे लिहायचे नसतात म्हणे

आज सकाळी वार्षिक तपासणीचा अर्ज भरताना 'कुटुंबातील हृदयविकार' या रकान्यात मी तीन गोष्टी लिहिल्या. मामा, हृदयविकार, वय ५१. आई, हृदयविकार, वय माहीत नाही. आणि त्याखाली, आई, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, २२ वर्षे. समोरच्या तरुण डॉक्टरांनी अर्ज घेतला, माझ्याकडे न पाहता तिसऱ्या ओळीवर पेनाने सरळ रेघ मारली आणि म्हणाले, "मॅडम, सांधेदुखी इथे लिहायची नसते." मी गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे लिहीत आहे. पोस्ट लांबणार आहे; माझ्या यादीतल्या लोकांना त्याची सवय आहे.

सांधेदुखी म्हणे! वय झाले की गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. ऱ्हुमॅटॉइडमध्ये, ज्याला घरोघरी आमवात म्हणतात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि दाह पेटवणारी जी द्रव्ये त्यातून सुटतात ती सांध्यापुरती न राहता रक्तातून सर्वत्र फिरतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला डिवचतात आणि तिथे साचलेले चरबीचे थर फुटायला सोपे करतात. या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर सांगूनच ठेवले आहे की नेहमीच्या कोष्टकांवरून काढलेला धोका या रुग्णांसाठी १.५ ने गुणावा. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्यूरिस्क या गणनपद्धतीत या आजारासाठी स्वतंत्र चौकोन आहे. तो प्रश्न रुग्णाच्या स्वतःच्या आजाराबद्दल असतो, त्याच्या आईच्या नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे माझी ओळ खोडण्याजोगी ठरत नाही.

आईबद्दल सांगते. तिची बोटे सकाळी तासभर वळत नसत. औषधाच्या बाटलीचे झाकण ती दोन्ही तळव्यांमध्ये धरायची, कोपरे पोटाशी दाबायची आणि सगळे शरीर वळवून ते फिरवायची, आणि आम्ही मदतीला धावलो की चिडायची. जिना चढताना ती मध्येच थांबे. आम्ही म्हणायचो, गुडघे. तीही म्हणायची, गुडघे. शेवटी गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, त्याआधीचा ईसीजी काढला आणि भूलतज्ज्ञांनी तो कागद दोनदा पाहून विचारले, "यांना हार्ट अटॅक कधी येऊन गेला?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो. आई म्हणाली, "मला? काहीतरीच काय!" इको केला तेव्हा हृदयाच्या भिंतीचा एक भाग नीट हलत नसल्याचे दिसले. झटका येऊन गेला होता. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले होते. ऱ्हुमॅटॉइडचे रुग्ण छातीत दुखत असल्याची तक्रार इतरांपेक्षा कमी करतात आणि त्यांच्यात न ओळखलेले झटके अधिक सापडतात. माझे लक्ष ज्यावर खिळले ती गोष्ट वेगळीच होती: झटक्यांचे हे वाढलेले प्रमाण सांध्यांच्या आजाराचे निदान होण्याआधीपासूनच दिसत होते. वर्षानुवर्षांच्या दाहाने हृदय खराब होते, एवढेच असते तर ते आधी कसे दिसावे? म्हणजे काहीतरी दोघांच्याही मुळाशी आहे.

इथे मामा येतो. तो आईचा धाकटा भाऊ. त्याचे सांधे अखेरपर्यंत ठणठणीत होते आणि एके दिवशी हृदयाने दगा दिला. घरात वाटणीच झाली होती, आईच्या वाट्याला सांधे आणि मामाच्या वाट्याला हृदय. मी स्वतःही हे वाक्य कितीतरी वेळा म्हटले आहे. पुढे स्वीडनमधील नोंदवह्यांवर आधारलेला एक अभ्यास वाचनात आला, ज्यात ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांच्या सख्ख्या भावंडांतही हृदयविकाराच्या तीव्र झटक्याचा धोका वाढलेला आढळला होता, आणि ती वाटणी माझ्या मनातून कायमची मोडली. हा आजार स्त्रियांना पुरुषांच्या दोन-तीन पट अधिक होतो, तेव्हा तोच वारसा बहिणीच्या बोटांत दिसावा आणि भावाच्या बोटांत दिसू नये, यात नवल नाही. मामा सिगारेट ओढत असे, हेही लिहिते, नाहीतर माझा भाऊ खाली येऊन लिहील.

सिगारेटचा विषय निघालाच आहे तर जनुकांचेही सांगते. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-डीआरबी१ नावाचे जनुक आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ७० ते ७४ या जागांवर अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम असला तर ऱ्हुमॅटॉइडचा धोका वाढतो, ही कल्पना १९८७ साली मांडली गेली आणि आजतागायत टिकली आहे. प्रथिनातल्या एवढ्या पाच जागा! तिथे तो ठरावीक क्रम ज्या रुग्णांकडे आहे त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक असल्याचे पुढे स्पेनमध्ये आणि ब्रिटनमध्ये दिसले, आणि त्यात धूम्रपानाची भर पडली की गणित आणखी बिघडते.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते, कारण ते उलट बाजूचे आहे. इंटरल्यूकिन-६ हे दाहाची हाक देणारे द्रव्य आहे आणि ती हाक ऐकणाऱ्या, पेशींवरच्या ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. काही लोकांत या जनुकात एका अमिनो आम्लाचा फरक असतो आणि त्यांच्या पेशींना ही हाक जरा कमी ऐकू येते. २०१२ साली ८२ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा अशा लोकांत हृदयविकार थोडा कमी आढळला. त्याच फरकाने ऱ्हुमॅटॉइडचा धोकाही कमी होतो. आईला आता जे इंजेक्शन मिळते, टोसिलिझुमॅब, ते नेमका हाच ग्राहक बंद करते. त्याने हृदयविकार टळतो असे मी म्हणत नाही. पण सांधा आणि हृदय यांचा काही संबंध नाही, असे म्हणणाऱ्याने या एका जनुकाचे काय करायचे ते मला सांगावे.

बरे, या दोन्ही आजारांशी जोडलेल्या जनुकांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर बहुतेक नावे वेगळीच निघतात, हे खरे आहे, आणि एका कुटुंबावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरे आहे. झाले समाधान?

आणि दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही लगेच खूश होऊ नये. "जनुकातच आहे म्हटल्यावर करणार काय?" असे म्हणून सुस्कारा टाकणाऱ्यांचा मला त्या रेघेइतकाच राग येतो. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला ऱ्हुमॅटॉइड झाला तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच आहे. बाकीच्यांकडे तीच जनुके असूनही सांधे शाबूत राहतात. वारसा कळला तर धूम्रपान सोडता येते, रक्तदाब वेळेवर मोजता येतो, आणि कोलेस्टेरॉल कमी दिसले म्हणून निर्धास्त होण्याची चूक टाळता येते. आईचे कोलेस्टेरॉल कमी यायचे आणि आम्ही कौतुक करायचो. दाह जोरात असताना या रुग्णांत ते कमीच दिसते आणि धोका मात्र वाढलेला असतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही.

एवढे लिहून झाल्यावर त्या डॉक्टरांवरचा राग थोडा उतरला आहे. त्यांच्यापुढे अर्जांचा गठ्ठा होता आणि छापील रकान्यात छापील शब्दच बसतात. आईच्याही दोन फायली होत्या, सांध्यांची निळी आणि हृदयाची पिवळी. दोन्ही मीच वागवत असे, आणि एकीतला कागद दुसरीत ठेवावा हे मलाही वर्षानुवर्षे सुचले नाही.

मघाशी आईला फोन करून रेघेची हकीकत सांगितली. ती हसली. मग बोलता बोलता म्हणाली, "अगं, एकदा रात्रभर जबडा दुखत होता माझा. आमवात जबड्यातही उतरतो ना, म्हणून मी आपली शेकत बसले. घामही फार आला होता." मी विचारले, हे कधी? तिने जरा आठवून सांगितले, "तू नवीन नोकरी धरलीस ना, त्याच आठवड्यात. म्हणून तर तुला उठवलं नाही."

मी बोटांवर हिशेब केला. ती तेव्हा ५४ वर्षांची होती. स्त्री नातेवाइकाला ६५ च्या आत झटका आला असेल तर तो 'लवकर आलेला' धरतात, म्हणजे माझ्या धोक्याच्या हिशेबातही तो धरावा लागतो. उद्या कोरा अर्ज मागून घेणार आहे. आईच्या नावापुढे ५४ लिहीन, आणि त्याखालची ओळ पुन्हा जशीच्या तशी लिहीन.