म्हणे मूल आणि शिंगरू एकत्र वाढवा!

‘घोडा आणि स्वार यांची जोडी जमवण्याची पाच सूत्रं’ हा मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला असता. पण गोव्यातल्या वाळपईच्या आमच्या भावोजींनी तो मनावर घेतला आणि माझ्या दहा वर्षांच्या भाचीसाठी दोन वर्षांचं शिंगरू घ्यायची बोलणी सुरू केली. मग लिहिणं भाग पडलं.

मेसेज थोडक्यात असा: मूल लहान आणि शिंगरूही लहान असताना दोघांना एकत्र आणा, एकमेकांबरोबर शिकतील. पहिल्याच दिवशी मालक कोण ते दाखवा, कारण घोडा भीती ओळखतो. नवशिक्याने काटेरी लगाम वापरावा. घोड्याने दुगाण्या झाडल्या तर ती नाटकं समजावीत. आणि रोज तासभर स्वारी केली की २१ दिवसांत जोडी पक्की.

घोडं पेंड खातं ते पहिल्याच सूत्रात. ऐकायला किती गोड आहे ते! म्हणूनच ते सगळ्यांत घातक.

दोन वर्षांचा घोडा उंचीने मोठा दिसतो, पण हाडं कच्ची असतात. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात आणि त्या साधारण खालून वर या क्रमाने हाडात बदलतात. खुराजवळच्या आधी, गुडघ्यावरच्या नंतर, पाठीच्या कण्याच्या सर्वांत शेवटी. घोड्यांच्या सांगाड्यांच्या अभ्यासक डेब बेनेट यांनी हा क्रम तपशिलाने मांडलाय. त्यांच्या मते कणा पक्का व्हायला साडेपाच वर्षं तरी लागतात, घोडा कुठल्याही जातीचा असो. म्हणजे खोगीर जिथे चढवायचं, तोच भाग सगळ्यांत उशिरा तयार होतो. विकणारा पाय दाखवतो, दात दाखवतो, कणा कोण दाखवणार?

रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावतात, असं भावोजी म्हणाले. धावतात, मान्य. कोवळ्या वयात मोकळं पळणं हाडांना चांगलंच असतं, हेही मान्य. पण जॉकी वजनाने हलका, तोलाला पक्का आणि पाठीवर काही मिनिटांपुरता असतो. पाठीवर आपटत शिकणारं पोर ही वेगळी गोष्ट आहे.

आता स्वाराकडे वळू, कारण तयारी दोघांचीही लागते आणि मेसेज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची परंपरा साडेचारशे वर्षांची. तिथे लिपिझानर घोड्याचं शिक्षण साधारण चौथ्या वर्षी सुरू होतं आणि जोड्या लावायची रीत मेसेजच्या नेमकी उलट आहे: नवा विद्यार्थी जुन्या, शिकलेल्या घोड्यावर बसतो आणि नवा घोडा मुरलेल्या स्वाराच्या हाती जातो. विद्यार्थ्याला आधी लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात, रिकिबीत पाय नाहीत, हातात लगाम नाही. महिनोन्महिने हेच. कारण मांड पक्की नसलेला स्वार तोल गेला की लगामाला, म्हणजे घोड्याच्या तोंडाला लटकतो आणि त्याच क्षणी त्याच्या टाचा पोटात रुततात. ‘थांब’ आणि ‘चल’ एकदमच! जुना घोडा असलं बरंच पोटात घालतो. शिंगरू गोंधळतं, बुजतं, उधळतं. पोर पडतं आणि पुढे दोघंही एकमेकांना घाबरतात. शिमग्यातल्या घोडेमोडणीत लाकडी घोडा कमरेला बांधून बेधडक नाचता येतं, कारण पाय नाचणाऱ्याचेच असतात. इथे पाय दुसऱ्याचे आहेत.

काटेरी लगामावर तर चर्चाच नको. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांतच त्याला बंदी आहे. शिवाय तोंड दुखणारा घोडा थांबेलच असं नाही. मान वर फेकून पळतोही.

घोडा भीती ओळखतो यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. स्वीडनमधल्या एका प्रयोगात माणसांना सांगितलं होतं की आता घोड्यासमोर छत्री उघडणार आहेत. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. पण यातून ‘मालक कोण ते दाखवा’ कसं निघतं? घाबरलेल्या माणसाने दरडावलं तर घोड्यापुढे घाबरलेला आणि वर ओरडणारा माणूस उभा राहतो, इतकंच.

नाटकांचं म्हणाल तर, पशुवैद्य सू डायसन यांनी स्वारीतल्या घोड्याच्या २४ लक्षणांची यादी केली आहे. आठ किंवा जास्त दिसली, तर बहुधा कुठेतरी दुखतंय. चाबूक उचलण्याआधी खोगिराखाली हात घालून पाहा.

राहिले २१ दिवस. हा आकडा काढणाऱ्याने वाळपईचा, म्हणजे सत्तरी तालुक्यातला पाऊस पाहिलेला दिसत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून खुराच्या तळाचा मऊ भाग कुजू लागतो, काळा पडतो, दुर्गंधी सुटते. रोज खूर उचलून साफ करणं, घोड्याला धरून चालवणं, खरारा करणं, या वेळातही जोडी जमतच असते आणि दहा वर्षांच्या मुलीला देखरेखीखाली ते शिकता येतं, तेही दुसऱ्याच्या शांत, वयस्कर घोड्यावर. पण खुराला वास येत असेल त्या दिवशी स्वारी नाही, मग तो विसावा दिवस असो की एकविसावा.