लीड्सहून: गोळी ताटात नको, हातावर द्या

नागपूरच्या नात्यागोत्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कोणाच्या दारूचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, "काहून डोकं खपवून राहिले? टाका ना त्याले व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने." दुसरा एक जाहिरात पाठवतो: न सांगता भाजीत मिसळा, दारू कायमची बंद. घरी राहून, ओपीडीत येऊन-जाऊन उपचार घ्यावेत असं कोणी सुचवलं की दोन्ही पक्ष एक होतात. घरी राहून कधी कोणाची सुटली का? हे विचारणाऱ्या काकांच्या गालात खर्रा असतो, ते सोडा.

सुटते. फक्त त्यात घरच्यांना काम पडतं.

भरतीवाल्यांचं जेवढं बरोबर आहे तेवढं आधी मान्य करू. दारू थांबवल्यावर ज्याला पूर्वी फिट आली आहे, भास झाले आहेत, किंवा ज्याच्याजवळ रात्री कोणी नसतं, त्याची दारू घरी तोडायची नसते. फिट येते ती बहुधा शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 48 तासांत. थरथर वाढून भ्रम होतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. गुरुवारी गजानन महाराजांची शपथ घालून दार लावून घ्यायचं आणि शनिवारी पहाटे ॲम्ब्युलन्स शोधायची, असं होतं ते यामुळे. अशा माणसाला सरळ मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. पण ही गोष्ट आठवड्याभराची. सहा महिने कुठून आले?

मला वाटतं, मारबतीतून आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पुतळा वाजतगाजत बाहेर नेऊन जाळायचा, तसं घरातल्या पिणाऱ्याचं करायचं असतं. मारबत परत येत नाही, हा मात्र येतो. त्याच खोलीत, त्याच बायकोसमोर, संध्याकाळच्या सात वाजता. त्या सात वाजता काय करायचं हे सहा महिन्यांत दोघांनाही कोणी शिकवलेलं नसतं.

दुसऱ्या पक्षाचा राग जास्त येतो. जाहिरातीतल्या पावडरीत काय आहे हे पाकिटावरून कळेलच असं नाही. कधी कोणी ओळखीच्या दुकानातून खरंखुरं डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, आणून वरणात कुस्करतं. दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पुढे मोडणारं एन्झाइम ही गोळी अडवून ठेवते. मग दारू पोटात गेल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, धडधड, ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला काही सांगितलेलंच नाही, तो नेहमीसारखी क्वार्टर मारून येतो. त्यातून वाचला आणि त्याला खरं कळलं, तर पुढे बायकोच्या हातचं पाणी पितानाही तो आधी ग्लासात बघतो. ज्या नात्यासाठी हे सगळं चाललंय, ते नातंच तुम्ही त्या वरणात कुस्करलंत.

तीच गोळी त्याच्या संमतीने, लिव्हरच्या तपासण्या करून, डॉक्टरांनी दिली की गोष्ट बदलते. शेवटच्या घोटानंतर किमान 24 तास जाऊ द्यायचे. मग रोज एक ठरलेली वेळ, समजा सकाळी साडेआठ, चहा झाल्यावर. तो म्हणतो, "काल प्यालो नाही. आजचा दिवस पिणार नाही." गोळी बायकोसमोर घेतो. ती म्हणते, "बरं वाटलं. आज माझी काही मदत पाहिजे का?" कालनिर्णयच्या चौकोनात खूण करायची आणि विषय बंद. दोन मिनिटं. गोळी डायसल्फिरामऐवजी दारूची ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन असली, किंवा गोळी नसलीच, तरी ही बैठक चालते.

बिघडतं ते या दोन मिनिटांतच. "बघू किती दिवस टिकतं" हे एक वाक्य आठवड्याची कमाई घालवतं. जुनं उकरायचं नाही, उद्याची धमकी द्यायची नाही, ते समुपदेशकासमोर. सासूबाईंनी गोळी प्रसादासारखी वाटायला घेतली की तो पुन्हा दहा वर्षांचा होतो. कॅलेंडर पाहुण्यांना दाखवलं की प्रगतिपुस्तक होतं. आणि घसरला, तर रात्री एक शब्द नाही. सकाळी त्याच वेळी बसायचं, चौकोन रिकामा ठेवायचा, डायसल्फिराम द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करून भेटीची तारीख अलीकडे घ्यायची. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलि-मानसचा 14416 आहे.

पोराला मात्र यात ओढू नका. "जा, पप्पांच्या तोंडाचा वास घेऊन ये" हे सांगणारी आई वाईट नसते, थकलेली असते. पण वास आला तर घरात भांडण आपल्यामुळे झालं, असं ते पोर धरून बसतं. पैशांचंही तसंच. एटीएम कार्ड काढून घ्यायचं असेल तर दोघांनी कागदावर लिहा: चार आठवडे, रोज पेट्रोल-चहापुरते, अमुक तारखेला पुन्हा बोलू. तारीख नसेल तर तो रागावतो, चोरतो. आणि मारहाण होत असेल तर जोडप्याची बैठक नाहीच. आधी तिची आणि मुलांची सोय, मग बाकीचं.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये रिसेप्शनवर दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारून माणूस कीवर्करच्या, म्हणजे त्याची केस सांभाळणाऱ्याच्या खोलीत जातो, कोणी मान वर करून बघत नाही. नाइस, म्हणजे उपचार कसे करावेत हे सांगणारी इथली सरकारी संस्था, तिच्या 2011च्या मार्गदर्शनात जोडप्यांसाठी आठवड्याला एक तास, 12 आठवडे असं लिहिलेलं आहे. घरच्यांना वेगळ्या बैठका, किमान पाच. नागपुरात ओपीडीच्या रांगेत कॉलनीतले काका भेटतात आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. हे इथून लिहायला बरं वाटतं. पण "गोळी घेताना घरी कोण बघेल?" या प्रश्नावर बेडसिटमध्ये, म्हणजे भाड्याच्या एका खोलीत, एकट्या राहणाऱ्याकडे उत्तर नसतं. कधी फार्मसिस्टवर भागवावं लागतं. नागपूरच्या घरात त्या कामाला चार माणसं हजर असतात, आणि चौघंही सल्ला देत असतात.

पाचवे आम्ही. केंद्राची फी भरायला सगळ्यात आधी तयार होतो ते परदेशातले भाऊ-बहीण. भरती आम्हाला सोयीची पडते. एकदा पैसे पाठवले की ग्रुपवर मत द्यायचा हक्क मिळतो आणि विषय सहा महिने नजरेआड होतो. रविवारी "दाखव गं त्याला" म्हणून व्हिडिओवर त्याचे डोळे लाल आहेत का ते तपासतो, आणि तेवढ्यावर स्वतःला घरचे म्हणवतो. तिकडे सकाळचे साडेआठ होतात तेव्हा इथे उन्हाळ्यात पहाटेचे चार आणि हिवाळ्यात तीन वाजलेले असतात. गोळीच्या वेळी आम्ही झोपलेलो असतो.