मार्थेची सेवा येशूने नाकारली नाही

'येशूने मार्थेला स्वयंपाकातून उठवलं, म्हणून प्रार्थना हीच खरी भक्ती, सेवा दुय्यम' असा संदेश इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

बायबलमधलं लूक १०:३८-४२ वाचा. मार्था घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारात गुंतली आहे, तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे, आणि तिला मदतीला पाठव, असं मार्था येशूला म्हणते. काम थांबव, असं येशू मार्थेला कुठेही म्हणत नाही. तो तिच्या काळजीवर, दगदगीवर बोट ठेवतो आणि मरीयेचं ऐकणं हिरावून घेऊ देत नाही. आधी देवाचं वचन ऐकणं, हे प्राधान्य मात्र तिथे स्पष्ट आहे. नुसत्या धावपळीत बुडालेल्यांनी तेही वाचावं. त्याच अध्यायात, अगदी लगेच आधी, जखमी परक्याची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोन्याचा (शोमरोन प्रांतातल्या माणसाचा) दाखला आहे. तो कसा वगळता येईल? पुढे योहान १२:२ मध्ये मार्था पुन्हा जेवण वाढतेच आहे.

आपल्याच भागातल्या उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया प्रार्थनेचं जीवन जगणाऱ्या कॅथलिक संन्यासिनी. त्या गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायला झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

हा संदेश वाचून कुणी आजाऱ्यांच्या भेटी थांबवल्या असतील, तर कृपया पुन्हा सुरू करा.