फ्रीज, ओटीपी आणि १९१५

मे महिन्यात ज्यांच्या घरचा फ्रीज बंद पडलाय त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय ते. मानपाड्याला सातवा मजला, पश्चिमेची खिडकी, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. फ्रीजमध्ये आमरस, इडलीचं पीठ आणि सासूबाईंचं इन्सुलिन. आमरस गेला, पीठ फसफसून डब्याबाहेर आलं, ते सोडा, पण इन्सुलिन? ते शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि पुढचे १९ दिवस सासूबाई रोज दोन वेळा त्यांची बेल वाजवून "जरा माझं औषध देता का" म्हणत उभ्या. ज्या बाईने आयुष्यात कोणाकडे वाटीभर साखर मागितली नाही तिला हे करावं लागलं. काकू चांगल्या आहेत हो, कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मला फ्रीजपेक्षा त्या बेलचा राग जास्त आला.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण प्रकरण अजून पूर्ण संपलेलं नाही, आणि खरं सांगू का, नाव कुठलंही घाला, तुमच्यापैकी निम्मे जण म्हणतील "अगं सेम टू सेम".

तर झालं असं की फ्रीज ४१,५०० चा, घेऊन दीड वर्ष. स्टिकरवर मोठ्या अक्षरात १० वर्षं वॉरंटी. ती फक्त कॉम्प्रेसरची असते हे बारीक अक्षरात, आणि गॅस, लेबर, व्हिजिट चार्ज हे तर कुठेच नसतं, ते टेक्निशियन दारात उभा राहिल्यावर कळतं. गॅस चार्जिंगचे ३,२०० घेतले. बारा दिवसांत फ्रीज परत गरम. मग दुसरा मुलगा आला, म्हणाला कॉम्प्रेसरच गेलाय, पार्ट मागवतो, आणि जाता जाता अगदी सहज, "मॅडम तेवढा ओटीपी सांगा ना, व्हिजिट एंटर करायचीय." मी दिला. संध्याकाळी मेसेज, आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली गेली आहे, कृपया ५ पैकी रेटिंग द्या.

त्या ओटीपीला त्यांच्यात हॅपी कोड म्हणतात म्हणे. हॅपी!! तो कोड म्हणजे काम झाल्याची तुमची सही असते, हे कोणी सांगत नाही. त्या पोराला तरी काय बोलणार, त्याला दिवसाला इतके कॉल बंद करायचं टार्गेट.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो, फोन. एकूण ११ कॉल, वहीत मोजलेत. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण, "मॅम हम आपकी परेशानी समझते हैं", होल्डवरचं ते संगीत, चोवीस तासांत कॉलबॅक येईल, येत नाही. आठव्या कॉलला मी एका पोरीवर इतकी ओरडले की ती बिचारी गप्पच झाली आणि नंतर मलाच कसंतरी झालं. कारण तिच्या हातात काहीच नसतं, कंपनीने तिला आपल्या शिव्या खायलाच बसवलंय, आपण ओरडून मोकळे होतो आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत अक्षरही पोचत नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात आली जी आधीच यायला हवी होती. फोनवरचं सगळं त्यांच्याकडे रेकॉर्ड होतं, आपल्याकडे काय राहतं? शून्य. "तुम्ही म्हणाला होतात की" याला काही किंमत नाही. म्हणून माझं आता स्पष्ट मत झालंय की मोठ्या कंपनीशी फोनवर भांडणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे, तक्रार नंबर घेण्यापुरता फोन करा आणि मग लिहा. (आणि तो नंबरसुद्धा गूगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा घ्या, आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांना गूगलवरच्या "कस्टमर केअर"ने अ‍ॅप डाउनलोड करायला लावून १८ हजारांना चुना लावला, तसं झालंच तर ताबडतोब १९३० लावा, तो सायबर फ्रॉडचा नंबर आहे.)

बाराव्या दिवशी ईमेल लिहिला. कंपनीच्या साइटवर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. कुठल्या तारखेला कोण आलं, काय म्हणालं, किती पैसे घेतले, बिलाचा फोटो, जॉबशीट, "तक्रार सोडवली"चा स्क्रीनशॉट, आणि शेवटी मला नेमकं काय हवंय ते. कॉम्प्रेसर बदला, ३,२०० परत द्या, १५ दिवसांत. शिव्या नाहीत, इमोशनल काही नाही, सासूबाईंची बेलपण नाही लिहिली. त्याच दिवशी १९१५ वर तक्रार नोंदवली, ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात, एक नंबर देतात आणि तक्रार थेट कंपनीकडे पाठवतात. हे कोर्ट नाही, ते कोणाला दंड करू शकत नाहीत, पण चौथ्या दिवशी "एस्कलेशन टीम" नावाच्या गृहस्थांचा स्वतःहून फोन आला, इतक्या गोड आवाजात की मला वाटलं लोन विकतायत.

विकतच होते. नवीन फ्रीजवर २० टक्के डिस्काउंट! म्हटलं हे जे बोललात ते ईमेलवर पाठवा. फोन ठेवला त्यांनी.

नवरा म्हणायला लागला जाऊ दे ना, घेऊन टाकू नवीन. हे "जाऊ दे ना" आहे ना, माझ्या मते याच्यावरच या सगळ्या कंपन्या चालतात. गावदेवी मार्केटला कोथिंबिरीच्या जुडीवरून आपण पाच मिनिटं घासाघीस करणार, शेअर रिक्षावाल्याने ५ रुपये जास्त मागितले तर अख्खा स्टँड गोळा करणार, आणि ४१,५०० बुडाले की एकदम संतवृत्ती. कारण भाजीवाली समोर असते आणि कंपनी गुरगावला कुठेतरी काचेच्या बिल्डिंगमध्ये.

पण गुरगावला जायची गरजच नाहीये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे माझ्यासाठी ठाणे. लोक अजून ग्राहक मंच म्हणतात, आता नाव आयोग आहे. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५० लाखांपर्यंत केस जिल्ह्यातच चालते, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, दुकानदारालाही केसमध्ये पार्टी करता येतं (जो आम्हाला म्हणाला होता "आमचा काही संबंध नाही, कंपनीशी बोला"). तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षं. बँकेचं लफडं असेल तर आधी बँकेला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. इन्शुरन्सला वेगळा लोकपाल आहे.

आता हे सगळं फार सोपं आहे असं मी म्हणणार नाही. कायद्यात लिहिलंय साधारण ३ महिन्यांत निकाल, आणि प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं तारखांना जातात. मथुरेच्या एका वकिलाकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर २० रुपये जास्त घेतले होते, २०२२ मध्ये निकाल लागला, २२ वर्षांहून जास्त! रेल्वेला १५,००० दंड झाला. ते स्वतः वकील होते म्हणून टिकले, माझ्यासारखी डोंबिवलीची लोकल पकडून शाळेत जाणारी बाई किती तारखा करणार. म्हणून मला वाटतं आयोगापर्यंत जायची तयारी कागदावर दिसली पाहिजे, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. दुसऱ्या ईमेलमध्ये मी तक्रारीचा मसुदाच जोडला, वर "जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ठाणे यांच्यासमोर" असं लिहून, आणि त्याचीच प्रिंट स्पीड पोस्टने हेड ऑफिसला.

तीन दिवसांत पार्ट मिळाला. जो "ऑल इंडिया आउट ऑफ स्टॉक" होता तोच.

३,२०० अजून आलेले नाहीत, "प्रोसेसमध्ये" आहेत, मसुदा तयार आहे, महिनाअखेरपर्यंत वाट बघणार आणि दाखल करणार. नवरा आता जाऊ दे म्हणत नाही, प्रिंट काढून देतो.

शनिवारी कॉम्प्रेसर बसवायला तोच ओटीपीवाला मुलगा आला. दीड तास काम केलं, मशीन सुरू झालं, घाम पुसला आणि म्हणाला, मॅडम ओटीपी. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी भरून आत ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "बस रे बाळा, चहा घे, पोहे करते. बर्फ जमला की देतो."