जाड भिंतींच्या घरात हे मोजायचं कसं?

घरात बसवलेले ब्लूटूथ बीकन (सतत सिग्नल सोडणारी छोटी यंत्रं) आणि अंगावरचा टॅग यांवरून वयस्कर माणसं दिवसभरात किती हिंडतात ते मोजता येतं, हे लेखात वाचून बरं वाटलं. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आई 76 वर्षांची. मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतं. ती कळशी धरून परड्यात गेली की हात स्थिर, बरीच पावलं गायब. विळीवरची उठबस गुडघ्यांना सगळ्यात जड, ती तर पावलांत धरतच नाहीत.

पण आमच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. ब्लूटूथची 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीत आणि माणसाच्या अंगातही क्षीण होते. नुसत्या सिग्नलच्या जोरावरून काढलेलं अंतर काही मीटरनी चुकतं. याबद्दल लेखात लिहायला हवं होतं. माझ्या मते दर खोलीत एक बीकन ठेवून आई माजघरात की सोप्यात एवढंच बघावं, उठबशीसाठी कमरेला हालचालीच्या वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर लावावा. आई चाव्यांचा जुडगा कमरेलाच खोचते, तिथेच तो बसेल.

आणि अशा मोजणीसाठी आईकडून घ्यायचं संमतीपत्र मराठीत द्या. ती कन्नड छान बोलते, पण तिला कन्नड वाचता येत नाही.